मले नाचाचं आहे

वणीच्या मैदानात लोखंडी पाइप आणि रंगीत कापडांचा उघडा मंडप महिनाभर उभा होता. सकाळी योगासनं, संध्याकाळी चित्रं, मातीकाम, गाणी; सगळं फुकट, कुणीही यावं. तिथे एक माणूस कोळसा खाणीतली पाळी संपवून, अंघोळ करून, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून यायचा. चपला बाहेर सरळ जोडून ठेवायचा आणि सांगतील ते मन लावून करायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही.

एका संध्याकाळी शिकवणाऱ्या बाईंनी डफडी आणली. आमच्यासोबत शिकायला येणाऱ्या एका किराणा दुकानदारानं त्यातलं एक उचलून हसत त्याच्यापुढे धरलं.

"घ्या भाऊ, तुमच्या तं घरचंच आहे. तुमाले कायचं शिकवाचं?"

बाहेरगावच्या बाईंना काही कळलं नाही. आम्हाला कळलं. त्याच्या जातीवर गावानं हे वाजवणं लादलं होतं, आणि बुद्धाचा धम्म घेतल्यावर त्याच्या घरानं डफडं कायमचं खाली ठेवलं होतं. हसून केलेला आग्रह असला, तरी ते जुनंच फर्मान होतं.

त्यानं शर्टाची बाही नीट केली.

"माह्या आज्यानं जलमभर वाजवलं शेटजी, अन् तुमचे लोक वरातीत नाचले," तो शांतपणे म्हणाला. "आता तुमी वाजवा. मले नाचाचं आहे."

दुकानदार हसायचा थांबला. जरा वेळानं त्यानं मांडी घातली आणि वाजवायला लागला. ठेका पार चुकत होता. तो माणूस मंडपाच्या मधोमध गेला आणि दोन्ही हात वर करून नाचू लागला.