गोदामातली आभाळाची पेटी

दुष्काळाच्या साली मला सातवा महिना लागला होता, तरी मी सासूबाईंबरोबर दिंद्रुडजवळच्या पाझर तलावाच्या कामावर माती वाहायला जायचे. एका सकाळी वर बघितलं तर आभाळात पांढरा ठिपका. ढग म्हणावा तर हलेना. दुपारी त्याच्याखालून लाल छत्री सुटली आणि डोलत डोलत आमच्याकडे यायला लागली. खाली एक पेटी लोंबत होती.

"बाँब हाय, पळा!" कुणीतरी ओरडलं. टोपल्या टाकून सगळे पळाले. मला पळवेना. सासूबाईंनी मला चरात बसवलं आणि स्वतः माझ्यावर ओणव्या झाल्या. धप्पकन आवाज झाला. मग काहीच नाही. मी पोट धरून बसले, आतलंही हलेना. संध्याकाळी एकदा हललं, तेव्हा कुठं मी पाणी प्यायले.

पेटीवर 'उघडू नका' असं लिहिलं होतं. सोसायटीच्या चेअरमननी ते मोठ्यानं वाचलं, तशी माणसं आणखीच मागं सरली. त्यांनी पेटी बैलगाडीत घालून सोसायटीच्या गोदामात ठेवली. वाटपाची ज्वारीही तिथंच होती. दुसऱ्या दिवशी ज्वारी न्यायला कुणी फिरकलं नाही.

"दाण्याला इख लागलं असंल," सासूबाई म्हणाल्या. "तू पोटुशी हायस. हात लावायचा न्हाई."

आम्ही रानातल्या तरोट्याचा पाला शिजवून खाल्ला. भूक भागायची नाही, पण गोदामाकडं बघायची हिंमत होत नव्हती.

मग हैदराबादहून जीप आली. त्यातल्या एका साहेबाचं दखनी आम्हाला कळायचं. त्यानं सगळ्यांसमोर पेटी उघडली. आत वायरी, बॅटऱ्या आणि धातूचे काही पत्रे. ताऱ्यांपलीकडून रात्रंदिवस बारीक कण पडत असतात, बरेचसे हवेतच अडतात, म्हणून ते मोजायचं यंत्र फुग्यानं उंच पाठवतो, असं त्यानं सांगितलं. शेवटी पोत्यातली मूठभर ज्वारी तोंडात टाकली. लोक हसले, रांग लागली.

मी पदर सावरून विचारलं, "अन् अडत न्हाईत ते?"

"वो बदन में से आरपार जाते, अम्मा. अभी भी जा रे."

त्या दिवशी पोटभर भाकरी खाल्ली, पण डोळा लागेना. उकाड्यातही मी पोटावर वाकळ घेऊन निजायला लागले. सासूबाईंनी कारण विचारलं, तेव्हा सांगून टाकलं.

त्या म्हणाल्या, "तुजा नवरा माज्या पोटात हुता, तवाबी पडतच असतील की."

त्यांना ते पटलं. मला नाही.

मुलगी झाली. सुईण नाळ बांधत होती आणि मी तिचं अंग उलटंपालटं करून बघत होते, कुठं बारीक भोक दिसतंय का. "काय हुडकतीस गं?" सुईण हसली. अंग सगळं धड होतं, रडणंही लई मोठं. तरी तिला पहिल्यांदा अंगणात आणली ती पदराखाली झाकूनच.