पट्ट्यावर नाही, खांबामागं

आधीच सांगतो, मी प्रॉडक्शन प्लॅनिंगवाला माणूस. राहायला कारेगावात, नोकरी शेजारच्या एमआयडीसीत, आणि अकरा वर्षं काम एकच... कुठलं मशीन किती मिनिटं चालेल ते ठरवणं. भास, स्वप्नातले इशारे वगैरे कुणी सांगायला लागलं की मी सरळ चहा प्यायला उठून जायचो. आता वेळ माझ्यावर आलीय, तेव्हा मी कुठे उठून जाणार? ज्यांना हसायचंय त्यांनी खुशाल हसा. लिहिताना अजून अंगावर काटा येतोय — भीतीचा नव्हे, आनंदाचा!

कंपनीनं मला सहा आठवड्यांसाठी जर्मनीला पाठवलं होतं, नव्या मशीनच्या ट्रेनिंगला. आणि परतायच्या दिवशीच माझ्या भाचीचं, प्राचीचं लग्न. ताई दिलेली मांडवगण फराट्याला, कार्यालय न्हावऱ्याजवळ, मुहूर्त संध्याकाळी पाच चाळीसचा. दाजी दोन वर्षांपूर्वी गेले. निघताना ताई एवढंच म्हणाली होती, "तिचा बाप न्हाई उभा राहायला. मामा तरी पायजे रं मागं."

आमच्याकडे नवरी मामानं दिलेली पिवळी साडी नेसते आणि मामाच तिला हाताला धरून मांडवात आणतो. साडी मी जायच्या आधीच शिरूरला घेऊन ठेवली होती. ताईनं पाहिली असती तर काठ बदलून आण म्हणाली असती, म्हणून मोठ्या बॅगेच्या तळाशी लपवली... आणि तीच बॅग घेऊन विमानात बसलो. म्हणजे मामाची साडी सहा आठवडे जर्मनीत! बायकोला फोनवर सांगितलं तर ती दोन मिनिटं नुसती हसत होती.

तिकीट मीच काढलेलं. दिल्लीला सकाळी आठ दहाला उतरायचं, पुण्याचं विमान नऊ पंचावन्नला. एक तास पंचेचाळीस मिनिटं. तिकीट एकच, बॅगेच्या टॅगवर थेट पुण्याचा कोड, मग चिंता कसली? आप्पांना, म्हणजे माझ्या चुलत्यांना, मोठ्या ऐटीत हे सांगितलं. आप्पा दौंडला रेल्वेत होते, रिटायर होऊन तिथंच राहिले. विमानात कधी पाऊल ठेवलेलं नाही. ते म्हणाले, "आरं, दौंडला नुसतं इंजिन बदलायचं तर गाडी किती खोळंबायची. तू तर देश बदलतूयास. दुसरं विमान बघ."

"आप्पा, ते सगळं सिस्टीममध्ये धरलेलं असतं," मी म्हणालो. काय तो माझा तोरा!

तिकडून विमान उशिरा सुटलं. ताईला तिथल्या वायफायवरून मेसेज टाकला, 'लेट आहे, बघतो.' हाच शेवटचा निरोप. कारण माझ्या फोनमध्ये सिमची एकच जागा, तीत तिकडचं सिम, जे भारतात चालत नव्हतं. इकडचं सिम पाकिटात, कागदात गुंडाळून. हे नीट लक्षात ठेवा.

दिल्लीला उतरलो तेव्हा साडेआठ. पासपोर्टच्या रांगेतून सुटलो तेव्हा आठ पंचावन्न. समोर बॅगांचे पट्टे फिरत होते, त्यांच्यापुढे कस्टम्स आणि बाहेरचं दार. मी पट्ट्यांकडे बघितलंही नाही. बॅग पुण्याला आपोआप जाणार या भरवशावर ताडताड निघालो... आणि खिशातला फोन वाजला.

स्क्रीनवर 'आप्पा दौंड'.

"आरं, ब्याग!" आप्पा ओरडलेच. "ब्याग घेतल्याबिगर कुठं चाललास?"

"आप्पा, ती थेट पुण्याला—"

"न्हाई जात थेट! हितंच घ्यावी लागती. पट्ट्याव शोधू नगं, खाली उतरवून ठिवलीया. खांबामागं हाय बघ. पळ!"

पाय जागीच वळले. पळता पळता मी म्हणालो, "आप्पा, ताईला सांगा, मी येतोय. साडी घेऊन येतोय. दुसरी नेसवू नका म्हणावं." "बरं," एवढंच म्हणाले आणि फोन बंद.

बोर्डवर आमचा पट्टा शोधला. त्यावर माझी बॅग नव्हती. खांबामागं पाहिलं... उतरवून ठेवलेल्या दहा-बारा बॅगा, आणि त्यांत माझी! तिथल्या माणसाला विचारलं तर तो म्हणाला, बाहेरून येणाऱ्यांनी बॅग इथेच घ्यायची, कस्टम्समधून न्यायची आणि पुढच्या काउंटरवर परत द्यायची. काउंटर कधी बंद होतो? नऊ दहाला. घड्याळात नऊ दोन!

कस्टम्सला नेमकं मलाच थांबवलं. बॅग मशीनमधून गेली, साहेबांनी उघडायला लावली. घाईघाईत हात घातला तर साडीच वर आली.

"ये क्या है?"

"भांजी की शादी है साहब, आज ही. मामा हूँ मैं."

त्यांनी साडीकडे बघितलं, माझ्या घामाकडे बघितलं. "तो यहाँ क्या कर रहे हो? भागो!"

काउंटरवर बॅग टेकवली तेव्हा नऊ आठ. विमानात बसलो आणि शेजारच्या अनोळखी बाईंना म्हणालो, "मिळालं!" त्या घाबरल्या असाव्यात.

पुण्यात उतरल्यावर इकडचं सिम काढून फोनमध्ये घालायला घेतलं... आणि हात थांबला. मग दिल्लीत फोन वाजला कसा? वायफाय मी जोडलंच नव्हतं. कॉलची यादी उघडली. आप्पांचा कॉल नाही, कुठलाच नाही. वाघोली ते शिक्रापूर ट्रॅफिकमध्ये ती यादी मी पन्नासदा वरखाली केली.

त्याआधी ताईला फोन लावला होता. म्हटलं, रडून गोंधळ घालेल. तर ती शांत. "व्हय, आप्पांचा फोन आला हुता सव्वानऊला. तू साडी घिऊन येतूयास म्हणले. आम्ही दुकानातली नेसवाय घेतली हुती, ती ठिवली बाजूला. तुझ्या जागी चुलतमामा उभा राहणार हुता, त्यालाबी सांगितलं, तू नगं."

साडेतीनला कार्यालयात पोचलो. प्राची साडी छातीशी धरून हसत-रडत आत पळाली, आणि मी आप्पांना गाठलं. त्यांच्या हनुवटीवर कापूस चिकटवलेला.

"आप्पा, सकाळी फोन कुठून केलात?"

"तुला? तुला कुठं केला?" आप्पा माझ्याकडे बघतच राहिले. "लग्नाला यायचं म्हणून दाढीला गेल्तो सलूनमदी. फोन घरी चार्जिंगला. खुर्चीत डोळा लागला. तू दिसलास, ब्याग सोडून चाललेला. मी वरडलो. त्यो बिचारा वस्तारा फिरवत हुता, दचकला... ही बघ खूण."

"किती वाजता?"

"नऊच्या आसपास."

काकूंना विचारलं. फोन सकाळभर त्यांच्या डोळ्यांसमोर, आप्पांनी घरी येऊन फक्त ताईला लावलेला. मित्र म्हणतात, प्रवासाचा थकवा, भास झाला. ठीक आहे. पण खांबामागची बॅग मला कशी कळली? आणि माझा निरोप दौंडला कसा पोचला? मी सगळ्या बाजूंनी डोकं लावून पाहिलं. उत्तर नाही. आजही नाही.

त्या संध्याकाळी मुहूर्त जवळ आला तसा लाउडस्पीकर ओरडला, "नवरीच्या मामांनी नवरीला मांडवात घेऊन यावं!" मी धावलो. पण जाता जाता एक प्रश्न विचारल्याशिवाय राहवेना.

"आप्पा, स्वप्नातलं ऐकून तुम्ही ताईला थांबवलंत? आणि मी आलोच नसतो तर?"

आप्पांना प्रश्नच कळला नाही. "आसं कसं?" ते म्हणाले. "तूच म्हनलास की, येतूय म्हणून."