काकींच्या अंगणाची मनाई

"काय सांगितलं मी? बोल बघू."

टेमघरला आमच्या शेजारच्या काकी कुणालाही काही सांगितलं की हे विचारायच्याच. उद्या दूध जास्त घाल, एवढंच सांगितलं तरी दूधवाल्याला सायकलवर बसू देत नसत. तो हसायचा, "काकी, इस उमर में स्कूल में मत बिठाओ." पण म्हणून दाखवायचा. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. मी फार बोलत नसे, म्हणून माझ्याकडून तर दोनदा म्हणून घेत.

काकी विधवा. धाकट्या दिराला काकींच्या वाटणीच्या अंगणात कापड विणायच्या लूमची शेड घालायची होती. ती झाली असती तर काकींचं पुढचं दारच बंद. त्यांनी कोर्टातून मनाईचा हुकूम आणला. सकाळी नळावर दीर तोंड धूत होते. काकींनी कागद दाखवून मनाई सांगितली आणि विचारलं, "भावजी, काय सांगितलं मी?"

आम्ही बायका हंडे धरून हसू दाबत होतो. दीर चिडले. "कोर्टाची मनाई हाय, अंगनात बांधायचा न्हाय. ऐकला, वयनी. पन मी बांधनार."

पुढच्या आठवड्यात भिंत उभी राहिली.

काकींचे वकील म्हणाले, "भिंत दिसतेच आहे. पण हुकूम माहीत असून मुद्दाम बांधली, हे दाखवावं लागेल. तुमचे दीर म्हणतात, मला कळलंच नव्हतं, मिस्त्रीने परस्पर बांधलं."

नळावरच्या बाकी बायकांच्या घरचं कुणी ना कुणी दिराच्या लूमवर कामाला. साक्षीला कोण येणार? काकी माझ्याकडे आल्या. "ऐकलंस ना? मग तेवढंच म्हणून दाखव. रोज म्हणतेसच की."

कोर्टात मी दिरांचं बोलणं जसंच्या तसं म्हणून दाखवलं. समोरच्या वकिलांनी विचारलं, "इतकं शब्दनशब्द कसं लक्षात राहिलं?"

"काकी सगळ्यांकडून म्हणून घेतात. त्या दिवशी दिरांनी म्हटलं, ते आम्ही सगळ्या ऐकत होतो."

लोक हसले. काकी हसल्या नाहीत, ताठ बसून राहिल्या. हुकूम जाणूनबुजून मोडला, हे कोर्टाने मानलं. धामणकर नाक्यावरून येताना त्या रिक्षावाल्याला सांगत होत्या, "ही माझी साक्षीदार."

भिंत पाडायला तोच मिस्त्री आला. काकींनी त्याला चहा दिला. "पायापासून काढायची. काय सांगितलं मी?"

शेवटच्या आजारात त्यांनी घराची किल्ली माझ्या हातात दिली. "मी नसले तरी पुढचं दार सकाळी उघडत जा. काय सांगितलं मी?"

मी म्हणून दाखवलं. या वेळी त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही.