पोर्ट ब्लेअरपुरती शुद्ध मराठी

चव्वेचाळीस वर्षांच्या माणसाला ‘मला’ म्हणायला शिकवायची वेळ माझ्यावर येईल, असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. पण त्या वर्षी एप्रिलमध्ये ती वेळ आली, आणि मी ते काम मोठ्या हौसेनं केलं. ती हौसच आता डाचते.

खामगावच्या एका शाळेत मी मराठी शिकवते. गोपाळ दामधर तिथले कारकून. मूळचे वरवट बकालचे. लहानथोर सगळे त्यांना गोपाळभाऊ म्हणतात. अक्षर असं की दाखला घ्यायला आलेले पालक आधी दोन मिनिटं त्याच्याकडे पाहत राहतात. बोलणं मात्र पक्कं वऱ्हाडी. सहावीतल्या पोराला ‘काऊन बे, तास सोडून कुठं चालला?’ आणि संस्थेच्या अध्यक्षांना ‘तुमाले सांगतो साहेब’, दोन्ही एकाच सुरात. कुणासाठी बोली बदलणारा हा माणूस नव्हता, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा थोडा हेवाच वाटायचा. मीही इथलीच. घरी मी ‘मले-तुले’च बोलते. शाळेच्या फाटकाशी आले की ते बाहेर ठेवते आणि संध्याकाळी जाताना परत उचलते. आठवीच्या पोरांनी निबंधात ‘मले’ लिहिलं की लाल शाईनं गोल करते. नोकरीच ती.

तर त्या दिवशी मी ग्रंथालयात उत्तरपत्रिका तपासत बसले होते. गोपाळभाऊ आले आणि खुर्चीची पाठ धरून उभे राहिले.

“मॅडम, हासू नका. मले तुमच्यासारखं बोलाले शिकवता का?”

मी हसलेच. “का हो? बढती मिळाली का?”

“पोराईले घेऊन अंदमानले जाऊन राह्यलो. पोर्ट ब्लेअरले. पाच दिवस. थ्या पाच दिवसांत माह्या पोरीले लाज नाही वाटली पाह्यजे.”

मग माझं हसू जागीच राहिलं.

त्यांच्या घरची गोष्ट शाळेत सगळ्यांना ठाऊक होती. बायको शरयू शिकलेली, तिला पुण्यात चांगली नोकरी लागली. ती मोठ्या स्वरदाला घेऊन पुण्याला गेली, धाकटा चिन्मय वरवटला आजीजवळ, गोजरबाईंजवळ राहिला. गोपाळभाऊंनी नोकरी सोडून पुण्याला यावं असं तिचं म्हणणं, आणि म्हातारीला टाकून कसं यावं असं यांचं. दोघांपैकी कुणीही वाईट नव्हतं, म्हणून तर भांडण मिटलं नाही. पाच वर्षांपूर्वी रीतसर घटस्फोट झाला. मुलं आईकडे, आणि दर मे महिन्यात दहा दिवस बापाकडे, असं कोर्टानं ठरवलं. चिन्मय तेव्हा पाच वर्षांचा होता. आजीच्या मागं मागं हिंडत ‘मले गूळ दे, मले कडेवर घे’ म्हणणारा. त्याला गाडीत बसवलं तेव्हा गोजरबाई पार फाट्यापर्यंत गाडीमागे चालत गेल्या होत्या.

कोर्टानं दहा दिवस दिले, पण आमच्या उन्हानं ते काढून घेतले. पहिल्याच मे महिन्यात मुलं आली, तिसऱ्या दिवशी स्वरदाचा घोळणा फुटला, रक्त थांबेना. शरयू रातोरात गाडी करून आली आणि घेऊन गेली. पुढं दरवर्षी काही ना काही निघायचं. शिबिर, ताप, क्लास. गोपाळभाऊ कधी कोर्टात गेले नाहीत. “पोरं ओढून आणू काय?” म्हणायचे. आठवड्याला एक फोन, तेवढंच.

“मंग तो फोनही बंद झाला,” ते म्हणाले. “मांगच्या महिन्यात केला तं तिच्या मैत्रिणी बाजूले होत्या. म्या म्हटलं, ‘जेवली का बाई, काय करून राह्यली?’ तं थ्या पोरी हासल्या. त्याचं काही नाही, पोरी हासतातच. पण माही स्वरदा नाही हासली, मॅडम. तिनं फोनच ठेवून देल्ला. तवापासून मेसेज टाकते, बाबा, प्लीज कॉल करू नका, टाइप करा.”

“आणि अंदमानच का?”

“इथं आणलं तं दुसऱ्या दिवशी त्याईची माय म्हणते पाठवून द्या. तिथून कुठं जातीन? चहूकडून पाणी.” हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर मोठं राजकारण केल्याचं समाधान होतं. “पाच दिवस सोबत राह्यलो की पोरं बोलतीन. बोलली की म्या इचारीन, दिवायीले खामगावले येता का. एकदा हाव म्हटलं की झालं. बुढी डोये लावून बसली आहे.”

एवढंच त्यांना हवं होतं. मुलांनी स्वतःच्या तोंडानं ‘येतो’ म्हणावं.

मग रोज मधल्या सुट्टीत आमची शिकवणी सुरू झाली. त्यांनी शंभर पानी वही आणली, मधोमध रेघ मारली. डावीकडे ‘काऊन’, उजवीकडे ‘का’. डावीकडे ‘जाऊन राह्यलो’, उजवीकडे ‘जातोय’. ‘मले’चं ‘मला’ लवकर जमलं, ‘ळ’नं मात्र घाम फोडला. केय, काया, डोया. “जीभ वर लावा, गोपाळभाऊ, वर!” मी ओरडायची आणि ते टाळू चाचपत बसायचे. आमचे शिपाई जानराव पाणी द्यायला आले की दारात उभे राहून तोंड दाबून हसायचे. शेवटच्या आठवड्यात आम्ही एकच वाक्य घोटलं. ‘दिवाळीला खामगावला याल का?’ त्यात ‘ळ’ही होता आणि दोनदा ‘ला’ही. मी ते त्यांच्याकडून शंभरदा तरी म्हणवून घेतलं असेल. ज्या दिवशी ते सलग दहा वेळा बरोबर आलं त्या दिवशी मी टाळ्या वाजवल्या. पुण्याच्या पोरींना गार करू, असंही मी म्हणाले. मूर्ख बाई.

मेच्या पहिल्या आठवड्यात ते गेले. गोजरबाईंनी नातवंडांसाठी धपाटे करून दिले होते. पुण्यातून मुलांना घेतलं, विमान चेन्नईला बदललं. दुसऱ्या दिवशी फोटो आला. निळं पाणी, लख्ख ऊन, नारळाची झाडं, आणि मध्ये इस्त्रीच्या फुल पँटमधले गोपाळभाऊ, दोन्ही बाजूंना मुलं. खाली लिहिलं होतं, ‘मॅडम, सगळे शुद्ध चालू आहे.’ मी तो फोटो शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना दाखवला. त्यानंतर फोटो आला नाही.

परत आल्यावर ते कुणाशी फारसं बोलले नाहीत. उन्हाळ्याच्या सुट्टीतही कारकुनांना कार्यालयात यावं लागतं, तसे ते येऊन बसायचे. जानरावांनी मला सांगितलं, “मॅडम, भाऊ पुण्याचे होऊन आले. मले म्हणते, ‘जानराव, मला पाणी आणता का?’ म्या इकडं-तिकडं पाह्यलं, म्हटलं कोणाले म्हणून राह्यले!” मीही हसले. चांगलं मुरलंय, असं वाटलं.

जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी एका सकाळी त्यांनी मला ग्रंथालयात बोलावलं. टेबलावर एक पिवळा लिफाफा होता.

“हे वाचा.”

ते संमतीपत्र होतं. शरयूला कंपनी जर्मनीला पाठवत होती, कायमचं म्हणावं असंच. मुलांना तिकडे नेण्यास, तिथल्या शाळेत घालण्यास वडील म्हणून माझी कोणतीही हरकत नाही, असा मजकूर. खाली सहीची जागा, आणि त्याखाली साक्षीदाराची.

“स्वरदाच्या बॅगेत होतं. पाचही दिवस,” ते म्हणाले. “शेवटच्या सकाळी हॉटेलात नाश्त्याला बसलो होतो. मी विचारलं, दिवाळीला खामगावला याल का? नीट आलं, मॅडम. एकही चूक नाही. तर तिनं बॅगेतून हे काढलं आणि माझ्यापुढं ठेवलं. म्हणाली, ‘आई म्हणाली होती शेवटच्या दिवशी द्या, नाहीतर तुमची ट्रिप खराब होईल.’ आणि रडायला लागली. वाईट पोरगी नाही ती. पाच दिवस ते ओझं घेऊन माझ्यासोबत हसत होती.”

माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, फाडून टाका. म्हटलं, तुमच्या सहीशिवाय मुलं देशाबाहेर नेणं एवढं सोपं नाही, कोर्टाचा आदेश तुमच्या बाजूनं आहे, दहा दिवस तर दहा दिवस, ते तुमचे आहेत. वकिलाचं नावही सांगितलं. गोजरबाईंचं काय, असंही मी म्हणाले. बरंच बोलले. वर्गात पोरांना झापते तशीच. ते सगळं शांतपणे ऐकत होते, आणि मधूनमधून ‘बरोबर आहे तुमचं’ म्हणत होते, अगदी स्वच्छ.

“बरोबर आहे तर मग सही का करताय?” मी ओरडले. “आणि माझ्याशी असं पुस्तकासारखं बोलू नका हो. झालं ना आता पोर्ट ब्लेअर! तुमचं तुम्ही बोला.”

“जमत नाही, मॅडम,” ते म्हणाले, आणि मग त्यांनी तिसऱ्या दिवशीचं सांगितलं.

त्या दिवशी ते शहराजवळच्या किनाऱ्यावर गेले होते. पाच वाजताच तिथं दिवस कलतो, म्हणून सकाळीच. तोवर मुलं नीट वागत होती, फार नीट. ‘थँक यू बाबा’, ‘सॉरी बाबा’. पाहुण्याकडे आल्यासारखी. धपाट्यांचा डबा स्वरदानं उघडून वास घेतला आणि ‘नंतर खाते’ म्हणून ठेवला. गोपाळभाऊंनी ते रोज थोडे थोडे स्वतःच संपवले, आईला रिकामा डबा दाखवायचा होता म्हणून. पण किनाऱ्यावर चिन्मय खुलला. बापाचा हात धरून पाण्यात शिरला. गुडघाभर, मग कमरेएवढं. समुद्र दोघांनाही नवा. कशी कोण जाणे, एक लाट मोठी आली, वाळू सरकली आणि पोराचा हात सुटला.

“दोन पावलं लांब होता फक्त. नाकातोंडात पाणी गेलं त्याच्या. आणि ओरडला, मॅडम. ‘बाबा, मले धरा! मले धरा!’”

 त्यांनी दोन्ही हात टेबलावर सपाट ठेवले.

“पाच वर्षं झाली. पुण्यात कोण म्हणतं त्याला ‘मले’? कुठं ठेवलं होतं त्यानं ते, कोणास ठाऊक. मी झडप घातली, उचलला, छातीशी धरला. गळ्याला अशी मिठी मारली त्यानं की श्वास घेता येईना. मला वाटलं, आलो. यासाठीच आलो होतो. आणि मी म्हणालो...” ते घोटभर पाणी प्यायले. “मी म्हणालो, ‘घाबरू नकोस, मी धरलंय तुला.’ महिनाभर जीभ वळवली होती ना, तीच आली तोंडात. त्यानं मान मागं घेतली आणि माझ्याकडे पाहिलं. वर्गात चूक झाल्यावर मुलं पाहतात तसं. मग हळूच म्हणाला, ‘सॉरी बाबा. मला धरा.’ आणि माझ्या गळ्यातले हात काढून घेतले. म्हणाला, आता मी उभा राहू शकतो.”

खिडकीबाहेर मैदानावर जानराव पाइपनं पाणी मारत होते. 

“एवढंसं उरलं होतं त्याच्यात माझं,” गोपाळभाऊ म्हणाले. “ते मीच दुरुस्त केलं. आता कशाच्या जोरावर अडवू त्यांना? दहा दिवस आणून काय करू? आता ‘मले’ म्हणायला जातो तर त्याचं ‘सॉरी’ ऐकू येतं. तोंड बंदच होतं.”

त्यांनी सही केली. दाखल्यावर करतात तशीच, वळणदार. मग कागद माझ्याकडे सरकवला.

“साक्षीदार लागतो. अकरा वाजता नोटरीकडं जायचंय, आजच्या पोस्टानं जायला हवं. आईला अजून सांगितलं नाही मी. ती दिवाळीसाठी शेवया करून ठेवते आहे.”

मी नकार द्यायला हवा होता. पण कशाच्या तोंडानं देणार? पाण्यात त्यांच्या तोंडून जे शब्द निघाले ते माझेच होते, टाळ्या वाजवून शिकवलेले. मी पूर्ण नाव लिहिलं, हुद्दा लिहिला, तारीख घातली. आणि मग सतरा वर्षांत शाळेच्या आत पहिल्यांदाच माझ्या तोंडून निघून गेलं, “गोपाळभाऊ, मले माफ करा.”

त्यांनी कागदावरची शाई वाळली का ते पाहिलं, नीट घडी घातली आणि लिफाफ्यात ठेवला.

“असू द्या, मॅडम,” ते म्हणाले. “तुम्ही मला चांगलंच शिकवलं.”

त्यात टोमणा नव्हता. मी शोधला.