पोचपावतीवरची सही

गोजराला पत्र येईल असं जगात एकच ठिकाण होतं, आणि ते म्हणजे जुईनगरच्या सामंतांचं घर. दुसरा मजला, डावीकडचं दार. तिची स्वतःची झोपडी पावणे गावच्या कारखान्यांमागे, पाण्याच्या मोठ्या पाइपला टेकून उभी होती. तिला ना नंबर होता, ना गल्लीचं नाव. पोस्टमन तिकडे कधी फिरकला नाही. फिरकायची ती झोपड्या तोडायची गाडी.

म्हणून शहर वसवणाऱ्या सरकारी महामंडळानं गरिबांसाठी खारघरला एका खोलीची घरं काढली आणि सोडतीचे अर्ज निघाले, तेव्हा 'पत्रव्यवहाराचा पत्ता' या रकान्यात अरुणा सामंतनं आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं, 'द्वारा सौ. अरुणा सुभाष सामंत'. गोजरा त्यांच्याकडे सात वर्षं भांडी, धुणं, केर करत होती. अर्ज अरुणानंच आणला, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तिला घेऊन दोन खेपा घातल्या, फोटो काढून घेतला. लिहिताना तिला आतून फार बरं वाटलं होतं. पुढे ते बरं वाटणंच तिला जास्त टोचलं.

गोजरा मूळची माणदेशातली. लग्न होऊन नवऱ्याबरोबर तुर्भ्याच्या दगडखाणीवर आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. दगडाची धूळ नवऱ्याच्या छातीत बसली आणि तो चाळिशीही न बघता गेला. मूलबाळ नाही. मागे राहिल्या त्या दोघी, गोजरा आणि तिची सासू चांगुणाबाई. म्हातारीला दोन्ही डोळ्यांनी धुरकट दिसायचं. झोपडी तीनदा तुटली. तिन्ही वेळा गोजरानं बांबू हुडकले, पत्रे ठोकले आणि ती कामावर हजर झाली. एकदा अरुणानं विचारलं होतं, "काल खाडा का गं केलास?"

"काल घर नवतं वैनी," गोजरा खरकटं काढता काढता म्हणाली, "आज हाय."

घर कसं हवं, हेही तिनं एकदाच सांगितलं होतं. "मला हॉल-बिल नगं. सासू आतनं कडी लावून निवांत पडंल, असं एक दार पायजे. आत्ता गोनपाट हाय. कुत्रं आत येतं, म्हातारी त्याला मांजर समजून हाड करती."

सत्त्याण्णव सालच्या जानेवारीत अरुणाची लेक गीतांजली पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. दहा तारखेला मुलगा झाला. तिसऱ्या दिवशी, भोगीला, माय-लेकरू घरी आले आणि त्याच दुपारी पोस्टमननं दार वाजवलं. रजिस्टर पत्र, जोडीला पोचपावती. अरुणानं सही केली, खाली तारीख घातली, १३-१-९७.

पाकीट हातात आल्या आल्या तिनं ओळखलं. याच जुईनगरच्या घराचं असंच बदामी पाकीट नऊ वर्षांपूर्वी त्यांच्या परळच्या दहा बाय बाराच्या खोलीत आलं होतं. सहा माणसं त्या खोलीत राहत होती. तेव्हा अरुणानं पाकिटाला हळदकुंकू वाहिलं होतं आणि सुभाष ऑफिसातून येईपर्यंत ते न फोडता देवापुढे ठेवलं होतं. हे पाकीट मात्र तिनं स्वयंपाकघरात उभ्या उभ्या फोडलं.

गोजराचं नाव सोडतीत लागलं होतं. पत्र मिळाल्यापासून तीस दिवसांत अर्जदारानं स्वतः येऊन मूळ कागदपत्रं द्यावीत, नाहीतर वाटप रद्द समजण्यात येईल.

आतल्या खोलीत गोजरा पाय पसरून बसली होती. पायांवर पालथं बाळ, हातात कोमट तेल. "आरं गुलामा, आज्याची टाळू घेऊन आलास व्हय? एक केस न्हाय!" ती त्याला म्हणत होती आणि पलंगावर गीतांजली टाके सांभाळत हसत होती. न्हाऊ घालणं, धुरी देणं, बाळंतिणीची पाठ चोळणं, सगळं गोजराच्या हातात. तिच्या हाताखाली बाळ रडत नसे. अरुणाच्या हातात ते अंघोळीच्या पाण्याइतकंच निसटायचं.

खारघरला तेव्हा होतं काय? डोंगर, वारा आणि अर्धवट इमारती. एकदा ही तिकडच्या मागे लागली की कागद गोळा करणं आलं, हेलपाटे आले. आणि मग तिथून रोज इथे कशाला येईल ती? बारशापर्यंत थांबू, अरुणानं ठरवलं. नऊ दिवसांनी काय बिघडतं. पत्र तिनं कपाटात पैठणीच्या घडीत ठेवलं.

"पोस्टमन आलेला का?" संध्याकाळी सुभाषनं विचारलं.

"सोसायटीचं काहीतरी होतं," ती म्हणाली. कपाटाची किल्ली कमरेला होती, तिच्यावर नकळत हात गेला.

दुसऱ्या दिवशी संक्रांत. गोजराच्या हातावर तिळगूळ ठेवला, तर ती म्हणाली, "वैनी, माझं काय पत्र-बित्र?"

"नाही गं अजून. सरकारी काम, दम धरायला हवा."

"धरला की. दम धरायला काय जागा लागतीया?" असं म्हणून गोजरा हसली आणि मोरीकडे गेली. अरुणानं स्वतःच्या हातातला तिळगूळ परत डब्यात टाकला.

बारशाला अरुणानं तिला साडी घेतली. एरवी दिवाळीला घ्यायची त्याच्या दुप्पट भारी, काठाची. गोजरानं पदर उलटून पाहिला, जावयासमोर मोठ्यानं म्हणाली, "एवढी भारी? काय चुकलंबिकलं का वैनी तुमचं?" सगळे हसले. अरुणाही हसली आणि पुऱ्या तळायच्या राहिल्यात म्हणून आत निघून गेली.

बारसं झालं. बाळाचं नाव अभिराम ठेवलं. पत्र पैठणीतच राहिलं. बाळाचं पोट दुखू लागलं होतं. तिन्हीसांजेला ते असं रडायचं की शेजारच्या दारातून डोकी बाहेर यायची, आणि गोजरानं पोटावर हिंगाचं बोट फिरवलं की गप्प व्हायचं. मग गीतांजलीला ताप आला. मग सुभाषची बहीण चार दिवस राहायला आली. रोज सकाळी अरुणा मनाशी म्हणायची, आज सांगायचं. आणि जितके दिवस जात होते तितकं सांगणं अवघड होत होतं, कारण आता नुसतं 'पत्र आलं' म्हणून भागणार नव्हतं, 'कधी आलं' हेही सांगावं लागणार होतं.

बारा फेब्रुवारीला तीस दिवस भरले. सव्वा महिना व्हायला अजून आठवडा होता. त्या सकाळी तिनं पत्र बाहेर काढलं, पर्समध्ये घातलं, दारापर्यंत गेली. गोजरा जिना चढत आली ती ओरडतच, "वैनी, आज सपनात आपलं बाळ बोललं, 'मावशे' म्हनालं!" अरुणानं पर्स खुंटीला अडकवली. सरकारी ऑफिसात दोन-चार दिवस इकडेतिकडे कोण बघतं, असं तिनं स्वतःला पटवलं. तिला ते पटलं नव्हतं.

सतरा तारखेला गोजरा दोन तास उशिरा आली. केसांत, भुवयांत सिमेंटची पांढरी धूळ. दारातूनच म्हणाली, "वैनी, जिन्याखाली सासूला बसवलीया. जरा वेळ. कुनाला तरास न्हाय व्हनार."

अरुणानं कठड्यावरून वाकून पाहिलं. खाली पत्र्याच्या पेटीवर चांगुणाबाई बसली होती. मांडीवर स्टोव्ह, खांद्यावर गुंडाळलेलं ते गोणपाट.

"गाडी आली का?"

"सकाळी सातला. औंदा पत्रं बी नेलं." गोजरा मोरीत जाऊन हात कोपरापर्यंत खसाखसा धुऊ लागली. "आदी लेकराला न्हाऊ घालते. पानी निवंल."

ती खरोखरच बसली आणि बाळाला न्हाऊ घालू लागली. अरुणा तिच्या पाठीकडे बघत उभी राहिली. मग आत गेली, पर्स उघडली.

"गोजरा, तुझं पत्र आलंय. घर लागलं तुला."

"कवा आलं?"

"आत्ताच," अरुणा म्हणाली. जीभ आपोआप वळली.

गोजरानं ओला हात पदराला पुसला. पत्र उलटसुलट पाहिलं, वाचता येत नव्हतं तरी बराच वेळ पाहिलं, कपाळाला लावलं. "आजच घर गेलं नि आजच आलं. देवमानूस हाय तुमी वैनी." आणि मग जिन्यात जाऊन खाली हाक दिली, "आत्याबाई, दार मिळालं!"

त्या रात्री दोघींनी सामंतांच्या हॉलमध्ये झोपावं असं अरुणानं फार विनवलं. "तुमच्याकडं बाळंतीन हाय," म्हणून गोजरानं ऐकलं नाही. कोपऱ्यावरच्या गावठाणातल्या कान्हा पाटलानं आपल्या पिठाच्या गिरणीच्या पडवीत त्यांना जागा दिली.

दुसऱ्या दिवशी दोघी बेलापूरच्या ऑफिसात गेल्या. गोजरा बारशाची साडी नेसली होती. तिला बाकावर बसवून अरुणा खिडकीशी गेली. खिडकीतल्या बाईंनी फाइल काढली, चष्मा नाकावर ओढला.

"मुदत संपली हो. बारालाच. आता हे घर प्रतीक्षा यादीवाल्याला जाईल."

"काही करता येणार नाही का?"

"उशीर माफीचा अर्ज करा. कारण काय लिहिणार? आजारी होती म्हणा, डॉक्टरचा दाखला जोडा. सगळे तेच करतात." बाईंनी आवाज खाली आणला. "पण खरं सांगू? असे दाखले रोज गठ्ठ्यानं येतात. साहेब बघतसुद्धा नाहीत. पत्र तिच्या हातातच पडलं नाही, असं असतं तर गोष्ट वेगळी. पण इथे पोचपावती आहे ना. ही बघा, सही." त्यांनी गुलाबी कार्ड फिरवून काचेला लावलं. "कोण या अ. सु. सामंत?"

अरुणानं मागे वळून पाहिलं. गोजरा बाकाच्या कडेवर, साडीला सुरकुती पडू नये अशी बसली होती. नजर मिळाली तशी हसली. एवढ्या लांबून तिला काहीच ऐकू येत नव्हतं. अजून दाखल्याचा रस्ता मोकळा होता. घर गेलं असतं तर सरकारनं नेलं असं झालं असतं, आणि अरुणा देवमाणूसच राहिली असती.

"मी," अरुणा म्हणाली. "कागद द्या एक."

तिनं तिथेच, खिडकीच्या फळीवर लिहिलं. अक्षर नेहमीसारखं वळणदार येईना. लिहून दिलं तर बाईंनी सगळं वाचलं, तिच्याकडे एकदा पाहिलं आणि पेन टेकवून म्हणाल्या, "अर्जदाराचा अंगठा लागेल. आणि अंगठ्याआधी मजकूर तिला वाचून दाखवायचा, तसं खाली लिहायचं. नियम आहे."

गोजराला बोलावलं. ती शाईच्या पॅडकडे बघत अंगठा पुढे करून उभी राहिली.

"थांब," अरुणा म्हणाली. "आधी ऐक."

आणि तिनं वाचलं. "सदर पत्र दिनांक तेरा जानेवारी रोजी माझ्या घरी आले. त्यावर सही माझी आहे. माझ्या मुलीचे बाळंतपण असल्याने व अर्जदार माझ्याकडे कामास असल्याने, ती काम सोडून जाईल या भीतीने मी पत्र दडवून ठेवले. विचारले असता आले नाही असे सांगितले. अर्जदारास ते सतरा फेब्रुवारीस, तिची झोपडी तुटल्यावर, दिले. यात तिचा काहीही दोष नाही." मधे एकदा ती अडखळली. तिनं ते वाक्य पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

गोजराचा अंगठा तसाच हवेत होता.

"सव्वा महिना व्हायचा व्हता म्हनून?" तिनं विचारलं.

"हो."

"मंग सांगायचं व्हतं." गोजराच्या आवाजात राग नव्हता, नुसतं नवल होतं. "मी आले असते की. खारघरवरनं आले असते. लेकरू काय मी टाकलं असतं व्हय?"

तिनं अंगठा शाईत दाबला, कागदावर उमटवला. मग खिडकीतल्या बाईंना म्हणाली, "बाई, पुढला कागद गिरनीवर टाका. कान्हा पाटलाची गिरनी." बाईंनी जुना पत्ता खोडला.

एकोणीस तारखेला गोजरा आली, बाळाला न्हाऊ घातलं. विसालाही आली. त्या दिवशी सव्वा महिना पुरा झाला. तिनं बाळाला तीट लावली, तेलाची वाटी घासून पालथी घातली आणि अरुणाला म्हणाली, "येते." उद्या येते, असं म्हणाली नाही.

पुढचं अरुणाला गिरणीवरच कळत राहिलं. दळण टाकताना ती उगीच रेंगाळायची. सुभाषला तिनं सगळं सांगितलं होतं. तो एवढंच म्हणाला होता, "सोसायटीचं म्हणालीस ना?" पुन्हा त्यानं तो विषय काढला नाही, तिला मात्र त्यानं ओरडायला हवं होतं. एप्रिलच्या शेवटी कान्हानं पिठाचा डबा पुढे करत सांगितलं, "गोजरा गेली ना मावशी. उशीर माफ केला सायबान. चावी मिलली तिला."

मे महिन्यातल्या एका सकाळी अरुणा खारघरला गेली. तळमजल्यावरचं हिरवं दार बंद होतं. तिनं वाजवलं.

"कोन हाय?" आतून चांगुणाबाई.

"मी अरुणा. जुईनगरची."

आत खुडबुड झाली. "थांबा, थांबा. कडी गावंना मला," म्हातारी म्हणाली, आणि तिच्या आवाजात एवढा दिमाख होता की अरुणा दाराला हात टेकून उभी राहिली.

गोजरा कामावरून आली तेव्हा अरुणा जमिनीवर, चांगुणाबाईजवळ बसलेली होती. गोजरानं चहा टाकला. बाळ पालथं पडतं का, विचारलं. पाहुण्याला देतात तशी बशी पुसून दिली. अरुणानं आणलेली मिठाई देवापुढे ठेवली. माफीचे शब्द अरुणा वाटेत जुळवून आली होती, पण तोंडून निघालं ते 'चहा छान झालाय'. ती उठली.

"थांबा वैनी." गोजरानं फळीवरून एक बदामी पाकीट काढलं. वर तिचं स्वतःचं नाव होतं, खाली खोलीचा नंबर. 'द्वारा' नव्हतं. "परवाच्याला आलंया. पान्याचं काय हाय वाटतं. शेजारनीकडनं वाचून घेनार व्हते. आता तुमीच आलाय तर वाचा."

अरुणा परत बसली. तिनं पाकीट नीट कडेनं फोडलं, कागद उलगडला आणि वाचायला सुरुवात केली.

"तसं न्हाय," गोजरा तिच्यासमोर मांडी घालून बसत म्हणाली. "वरनं वाचा. तारीख बी."