गव्यासमोर दाजी

माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याचं, म्हणजे दाजींचं, गुलमंडीत कापडाचं दुकान आहे. जगातली कुठलीही गोष्ट ते तागा उलगडून बघावा तशी बघतात आणि नापसंत करतात. गेल्या हिवाळ्यात आम्ही तिघं केरळच्या डोंगरात गेलो. तिथलं गर्द रान बघून दाजी म्हणाले, "झाडंच हायेत की नुसती. याच्यासाठी एवढ्या लांब आलो व्हय?" शेकरू दिसलं तर "लई मोठी खार" एवढंच बोलले आणि दुकानातल्या माणसाला व्हिडिओ कॉल लावला.

दुसऱ्या दिवशी जंगलात पायी फिरायचं होतं. जळवा चढू नयेत म्हणून गुडघ्यापर्यंतचे कापडी मोजे देतात. दाजींनी ते बोटांत चोळून बघितले, "भिकार माल" म्हणाले आणि घातलेच नाहीत. वाटाड्यानं गप्प चालायला सांगितलं होतं. दाजी मात्र जनावराला भ्यायचं कसं नाही, यावर मोठ्यानं प्रवचन देत होते. "अहो, हळू बोला," ताई मागून म्हणाली. ऐकतो कोण?

वळणावर गवा उभा होता. काळा, अंगानं म्हशीच्या दुप्पट. वाटाड्यानं हात वर केला तशी आम्ही थांबलो. दाजींनी ताईचा दंड धरून तिला पुढं ढकललं आणि स्वतः बांबूच्या बेटात पळाले. ताई हलली नाही. गव्यानं तिच्याकडे बघितलं, फुरफुरला आणि उतारानं निघून गेला. दाजी सापडले तेव्हा त्यांच्या पोटऱ्यांना जळवा चिकटल्या होत्या आणि ते वाटाड्यालाच शिव्या देत होते. मला त्यांचा राग आला नाही. किळस आली, आणि ती जळवांची नव्हती.

सकाळी ताईनं स्वेटर चढवला.

"कुठं निघालीस?" दाजींनी पांघरुणातून विचारलं.

"तळ्यावर. नावेत बसायला."

"अन् माझा चहा?"

"खाली मिळतो."

तळ्यात वाळलेली खोडं उभी होती. एका खोडावर पाणमांजर मासा खात बसलं होतं. पलीकडच्या काठावर हत्तीण पिल्लाला सोंडेनं पाण्यात लोटत होती. ताई एवढी हसलेली मी किती तरी वर्षांत बघितली नव्हती.

घरी आल्यावर पाहुणे जमले. दाजी रंगात आले. "म्या हिला मागं ओढली, म्हणून वाचली!"

"मागं नाय," ताई चहा ठेवत शांतपणे म्हणाली. "पुढं ढकललं तुमी. अन् पळालात."

दाजी हसायचा प्रयत्न करत राहिले. त्यांना साथ द्यायला कुणीच हसलं नाही.

या हिवाळ्यात ताई आणि मी पुन्हा डोंगरात निघालोय. दाजींना विचारलेलं नाही.