बारदाना गुंडाळलेला ओंडका

घाटंजीच्या एसटीत शेजारी बसलेल्या त्या मावशीचं नाव विचाराचंच राह्यलं राजेहो! पिशवीत मांजरीचं पिल्लू, मांडीवर बारदाना गुंडाळलेला ओंडका. सून म्हणे, पिल्लू सोफा फाडते, बाजारात सोडून या. मावशी उलट ओंडका घेऊन पिल्लासकट घरी चालली होती!

मागून एक जण बोल्ला, "मावशी, नखंच उपटून टाका ना."

मावशी गर्रकन वळली. "काहून? तुये उपटू का आधी?"

अख्खी बस हासली!

मले म्हणे, "सोफ्याकडे गेलं की उचलून ह्याच्यावर ठेवाचं, नखं इथंच घासन. कापूस अळीनं खाल्ला, बारदाना रिकामाच हाय."

पिल्लानं पिशवीतून पंजे काढून तिथंच बारदान्यात नखं रोवली. मावशी ठसक्यात उतरली. "सोफा सुनेचा, मांजर माही. दोन्ही घरातच राह्यतीन!"